ताई, आधी रात्रीचे फोन बंद करा

पत्र : मी एका माल वाहतूक कंपनीत गाड्यांचं नियोजन बघते. कुठली गाडी कधी सुटणार, कोण जाणार, माल कुठे उतरणार, हे सगळं माझ्या टेबलावरून ठरतं. गेल्या महिन्यात आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर काका पहाटे चारच्या सुमारास दुभाजकाला घासून थांबले. कुणाला लागलं नाही. ‘झापड आली,’ एवढंच म्हणाले आणि तेव्हापासून गप्प गप्प असतात. मालकांनी मला सांगितलं, ड्रायव्हर लोकांच्या तब्येतीसाठी काहीतरी करा. मी तपासणी शिबिर ठरवलं, व्यायामाचे तक्ते छापून भिंतीवर लावले. ते बघून सगळे हसले. एकजण म्हणाला, ‘ताई, तुम्ही रात्रीचे फोन तेवढे बंद करा, आम्ही आपोआप बरे होऊ.’ मला फार लागलं ते. मी काय हौसेने फोन करते? गाडी कुठे पोहोचली हे पार्टी मला विचारते. आणखी एक. हे काका इतके घोरतात की सोबतचा क्लीनर केबिनमध्ये झोपायला तयार नसतो. त्याचा या प्रकाराशी काही संबंध असेल का?
– नियोजनाच्या टेबलावरून

ताई,

घोरण्याचा संबंध असू शकतो, आणि चांगलाच दाट असू शकतो. त्याकडे येतेच. पण आधी तुम्हाला जे लागलं त्याबद्दल बोलू, कारण त्या ड्रायव्हरने हसत हसत जे सांगितलं ते माझ्यासारख्या डॉक्टरला पानभर लिहूनही इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

रात्री दोन वाजता तुमच्या स्क्रीनवर एका गाडीचा ठिपका हलत नाही. ठिपका हलत नाही म्हणजे बहुतेक वेळा माणूस झोपलेला आहे. तुम्ही फोन लावता. तो खडबडून उठतो, ‘हो ताई, निघतोच,’ म्हणतो, तोंडावर पाणी मारतो आणि खरोखरच निघतो. तुम्ही विचारलेलं असतं फक्त ‘कुठे आहात?’ त्याला ऐकू आलेलं असतं ‘अजून तिथेच?’ यात तुमचा आवाज कितीही गोड असला तरी फरक पडत नाही, कारण त्याचं भाडं आणि पुढची ट्रिप तुमच्या हातात आहे.

बरं, ठिपका हलत असेल तेव्हा फोन करावा, तर चालत्या गाडीत त्याचं लक्ष आपण काढून घेतो. म्हणजे उभ्या गाडीला फोन नको आणि चालत्या गाडीलाही नको. मग करायचा कधी? तुम्ही करायचाच नाही. ठरलेल्या थांब्यावर उतरला की तो तुम्हाला करेल, किंवा एक मेसेज टाकेल. पार्टीला गाडीचं ठिकाण हवं असेल तर ट्रॅकरची लिंक द्या, नाहीतर सकाळी सातला सगळ्या पार्ट्यांना एकदम कळवण्याची पद्धत लावा. अपवाद मोजकेच ठेवा : पुढे रस्ता बंद आहे, गाडीतून बिघाडाचा इशारा आला आहे, घरी काही घडलं आहे. हे कागदावर लिहा आणि तुमच्या जागी रात्रपाळीला जो बसतो त्यालाही वाचायला लावा. नाहीतर तुम्ही पाळाल आणि तो पहाटे तीनला घंटी वाजवत बसेल.

एवढं केलंत तर शिबिराच्या आधीच निम्मं काम झालं असं मी समजेन. ड्रायव्हरच्या तब्येतीचं बोलणं निघालं की सगळे त्याच्या सवयींवर घसरतात : खाणं सुधारा, व्यायाम करा, तंबाखू सोडा. यातलं एकही चूक नाही. पण त्याने कधी झोपायचं, कधी जेवायचं, लघवीला कुठे थांबायचं, घरी कधी जायचं, हे त्याच्या इच्छेपेक्षा तुमच्या तक्त्यावर जास्त ठरतं. म्हणून सुधारणा भिंतीवरच्या तक्त्यापासून नको, टेबलावरच्या तक्त्यापासून करा.

आता झोप. काकांची गाडी पहाटे चारला घासली यात नवल काहीच नाही. माणसाच्या शरीराचं घड्याळ रात्री साधारण दोन ते सहा या वेळात जागेपण सर्वांत खाली नेतं, आणि दुपारी दोन ते चारच्या आसपास पुन्हा एक छोटा उतार येतो. तीस वर्षं गाडी चालवली म्हणून हे घड्याळ बदलत नाही. जुना ड्रायव्हर रस्ता, गाडी, वळणं जास्त ओळखतो हे खरं, झोपेशी लढण्याची ताकद मात्र त्याला जास्त मिळालेली नसते. 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते आणि 24 तासांनंतर जवळपास 0.10 टक्क्यांइतकी, असं त्यात दिसलं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतराव्या तासात असतो. दिवसभर माल भरायच्या रांगेत उभा राहून रात्री नऊला निघालेला तुमचा ड्रायव्हर या हिशेबात कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

झापड म्हणजे डोळे मिटणं एवढंच नसतं. मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो, कधीकधी डोळे उघडे असतानाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर, आणि तेवढा वेळ चालवणारा कुणी नसतो. त्यावर लोक काय करतात? काच खाली करतात, गाणी मोठ्याने लावतात, स्वतःच्या गालावर चापट मारतात. काच आणि रेडिओ यांची तर प्रयोगात परीक्षा झालेली आहे, परिणाम नावापुरता आणि थोड्या मिनिटांचा निघाला. उपयोग होतो तो सुरक्षित जागी गाडी लावून घेतलेल्या डुलकीचा. कॉफी असेल तर ती प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं पडायचं. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. डुलकी तासभर लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं, म्हणून उठल्या उठल्या स्टार्टर मारायचा नाही, आधी खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर, टायरवर नजर, मग निघायचं. आणि हे सगळं एखादा तास निभावून नेण्यापुरतंच. रात्रभराची थकबाकी डुलकीने फिटत नाही. कॉफी रक्तातून निम्मी व्हायलाही पाचएक तास लागतात, म्हणजे पहाटे पाचला प्यायलेली कॉफी सकाळी नऊच्या झोपेत लुडबुड करतेच.

पण तुमच्या ड्रायव्हरला ही डुलकी घ्यायची मुभा आहे का? तुम्ही म्हणाल, आहे की. मग मागच्या वेळी गाडी दीड तास उशिरा पोहोचली तेव्हा त्याला काय ऐकावं लागलं ते आठवून बघा. ‘झोप येत होती म्हणून थांबलो’ हे कारण टायर फुटण्याइतकंच चोख मानलं जाईल, त्यावर पैसे कापले जाणार नाहीत आणि टोमणा मारला जाणार नाही, हे मालकांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. तुमच्या तोंडून नको. ड्रायव्हरला माहीत असतं शेवटी शब्द कुणाचा चालतो ते.

तासांचे नियम म्हणाल तर ते बहुतेक देशांत आहेत. युरोपीय संघात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटांची विश्रांती, दिवसाला 9 तास चालवणं आणि आठवड्यातून फक्त दोनदा 10. अमेरिकेत सलग 10 तासांच्या सुट्टीनंतर पुढच्या 14 तासांत जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं. भारतात 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम सांगत होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तुम्हाला जो लागू असेल तो पाळाच, पण त्यावर समाधान मानू नका. सकाळी आठला सुरू केलेले आठ तास आणि रात्री दहाला सुरू केलेले आठ तास कायद्याच्या वहीत सारखे दिसतात, शरीराला तसे वाटत नाहीत. सुटण्याची वेळ रोज बदलणार असेल तर ती पुढे सरकवत न्या : आज सहाला, उद्या आठला, परवा दहाला. उलट्या दिशेने सरकवली की प्रत्येक वेळी झोपच कापली जाते. आणि रात्रीच्या लागोपाठ ट्रिपा एकाच्याच गळ्यात मारू नका, तो ‘चालेल’ म्हणाला तरी. ‘चालेल’ हा शब्द ड्रायव्हर कधी म्हणत नाही मला सांगा!

खोळंब्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तब्येतीच्या कुठल्याही तक्त्यात तो नसतो. गोदामाच्या फाटकाबाहेर पंधरा गाड्यांची रांग. दर अर्ध्या तासाने रांग एका गाडीने पुढे सरकते. सीट मागे करून जरा डोळा लागतो तोच मागून हॉर्न. गाडी पंधरा मीटर पुढे घ्यायची, पुन्हा इंजिन बंद. असे सहा तास जातात आणि तुमच्या नोंदीत लिहिलेलं असतं ‘गाडी उभी’. ती विश्रांती नव्हती, ताई. ते काम होतं, त्यातही बिनपगारी. त्यानंतर माल उतरला की तुमचा फोन : ‘झालं ना खाली? मग परतीचं भाडं लागलंय, निघा.’ पुढे त्या वाया गेलेल्या वेळेची भरपाई तो वेगातून करतो किंवा झोपेतून करतो, तिसरी जागा त्याच्याकडे नाही.

तेव्हा खोळंब्याची नोंद वेगळ्या रकान्यात करायला लागा. कुठल्या पार्टीकडे किती तास जातात हे महिनाभर लिहिलंत की ठरावीक नावं वर येतील. त्यांच्याशी वेळ बांधून घ्यायची, उशिराचे पैसे लावायचे, आणि त्यातला वाटा ड्रायव्हरला द्यायचा. अमेरिकेतल्या ट्रकचालकांवरच्या अर्थशास्त्रीय अभ्यासांत मोबदला जास्त तिथे अपघात कमी असं दिसून आलं आहे. यात गूढ काही नाही. फेऱ्यांवर पैसे मिळणारा माणूस फेऱ्या वाढवतो, उभं राहण्याचेही पैसे मिळाले की उभं राहताना त्याचा जीव वरखाली होत नाही.

आता काकांचं घोरणं. नुसतं घोरणं हा आजार नाही. पण घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, काही क्षण शांतता, मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास, पुन्हा घोरणं, असं होतं का, हे क्लीनरला विचारा. त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. झोपेत घसा आतून बंद पडून श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबण्याच्या या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. रात्रभर हे शेकडो वेळा होऊ शकतं. माणूस आठ तास अंथरुणावर असतो आणि सकाळी न झोपल्यासारखा उठतो, डोकं दुखत असतं, दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात. वजन जास्त, मान जाड, रक्तदाब वाढलेला, वय पन्नाशीच्या पुढे, असं असेल तर संशय आणखी पक्का. यातल्या बऱ्याच गोष्टी ट्रकच्या धंद्यात बसून बसून गोळा होतात, म्हणून या कामात हा आजार मुबलक सापडतो.

निदानासाठी रात्रीची तपासणी होते, आता ती घरीही करता येते. उपचार आहे आणि तो चांगला आहे : सीपॅप नावाचं छोटं यंत्र नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहतं आणि घसा उघडा ठेवतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ट्रकचालकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार सापडूनही उपचार न घेणाऱ्यांच्या हातून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात होण्याचं प्रमाण, हा आजार नसलेल्यांच्या तुलनेत, पाचपट निघालं. उपचार नीट घेणाऱ्यांचं प्रमाण निरोग्यांसारखंच होतं. मालकांना पटवायला हा एक आकडा पुरेसा आहे.

अडचण यंत्राची नसते, भीतीची असते. ‘आजार निघाला तर गाडीवरून उतरवतील’ असं ज्याला वाटतं तो डॉक्टरला कधीच खरं सांगणार नाही. तुम्ही विचाराल ‘काका, घोरता का हो?’ ते म्हणतील ‘छे छे, सर्दी होती.’ म्हणून तपासणीच्या आधी लेखी हमी हवी : निदान झालं तर उपचार बसेपर्यंत दुसरं काम मिळेल, पगार चालू राहील, आणि उपचार बसून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की गाडी परत मिळेल. ही हमी द्यायला मालक तयार नसतील तर काकांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवू नका, घरच्यांशी बोलून त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरकडे जायला सांगा. पण तपासणी होईपर्यंत त्यांना रात्रीची ट्रिप देऊ नका. आणि दिवसाही ते उभ्या उभ्या पेंगत असतील तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत गाडीच देऊ नका. याबाबतीत भिडेला जागा नाही.

बसण्याचं बोलू. बसून काम केल्याने हृदयावर काय परिणाम होतो हे जगाला पहिल्यांदा गाडीवाल्यांनीच दाखवून दिलं. जेरी मॉरिस या डॉक्टरने 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. एकाच बसवर दोघं, ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार ड्रायव्हरांत स्पष्टपणे जास्त. (पुढे त्यांनी गणवेशाच्या पँटींची कंबरेची मापं काढून पाहिली, तर ड्रायव्हर मुळात तरुण वयापासूनच कंडक्टरांपेक्षा जाड होते. म्हणजे सगळा दोष सीटचा नव्हता. असा स्वतःचाच निष्कर्ष तपासणारा संशोधक मला फार आवडतो.) पण त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ गोष्ट उचलून धरली : हालचाल हवी. ड्रायव्हरला व्यायामाचा तक्ता नको असतो, त्याला चालायला जागा आणि दहा मिनिटं हवी असतात. गाडी थांबली की गाडीभोवती चार चकरा, पायाच्या घोट्यांची हालचाल, पोटऱ्या ताणणं. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला तर ते अंगदुखीच्या मलमाने मोडायचं दुखणं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

पाठीचं मात्र व्यायामाने भागत नाही, तिथे गाडीकडे बघावं लागतं. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांच्या आसपास सर्वांत जास्त हादरतं आणि खराब रस्त्यावरचा ट्रक नेमके तसेच हादरे देतो. सीटखालचं सस्पेन्शन त्यासाठीच असतं. ते चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावावं लागतं. माझ्याकडे पाठदुखी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला मी विचारते, सीटची कळ कुठे आहे ते दाखवता येईल का? बहुतेकांना कळ माहीत असते, फक्त ती कधीचीच अडकलेली असते, आणि गाडी दोघं-तिघं आलटून पालटून चालवतात. तुमच्या गॅरेजमध्ये इंजिन ऑइल, ब्रेक, टायर यांच्या यादीत सीटचा डँपर, म्हणजे हादरे शोषणारा भाग, घालून टाका. दुसरं : केबिनमधून उडी मारून उतरायचं नाही. गुडघे आणि घोटे तिथे जातात. केबिनकडे तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेला. आणि पाच तास हादरे खाऊन उतरल्या उतरल्या माल उचलायचा किंवा ताडपत्री ओढायची नाही, मणके तेव्हा सर्वांत नाजूक असतात. थोडं चालायचं, मग हात लावायचा. मागच्या खिशातलं जाड पाकीट तर आजच काढायला सांगा, त्याच्यावर तासन्‌तास बसून कमरेपासून पायात कळ येणारे ड्रायव्हर मी कितीतरी बघितलेत.

पाणी. ड्रायव्हर पाणी कमी पितात आणि त्यांना ते माहीतही असतं. कारण सरळ आहे, प्यायलं की थांबावं लागतं आणि थांबायला जागा नाही. मूतखडा, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, मूळव्याध, सगळ्याची सुरुवात तिथे आहे. तुम्ही ‘भरपूर पाणी प्या’ म्हणू नका. मार्ग आखताना स्वच्छतागृह असलेले थांबे आखा. ज्या गोदामात ड्रायव्हरला आतलं स्वच्छतागृह वापरू देत नाहीत त्यांच्याशी करार करताना ही अट लिहून घ्या. बाईमाणूस गाडीवर असेल तर याचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगणार?

खाण्याबद्दल थोडक्यात. जेवणाची वेळ ज्याच्या हातात नाही त्याला आहारशास्त्र शिकवणं मला पटत नाही. एवढंच सांगा की रात्रीच्या मधल्या वेळी भरपेट जेवण नको, निघण्याआधी नीट जेवा आणि रात्री लागलंच तर थोडं, हलकं खा. गोड थंड पेयं जागं ठेवतात हा समज काढून टाका.

औषधांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. सर्दीच्या, अंगाला खाज सुटल्यावरच्या कितीतरी गोळ्या गुंगी आणतात, खोकल्याची काही औषधंही. प्रत्येकाने औषध घेताना ‘मी ट्रक चालवतो’ हे आपणहून सांगायचं. मधुमेह असणाऱ्यांत इन्शुलिन किंवा साखर झपकन खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासायची, हाताशी गोड ठेवायचं. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे धूसर झालं की आधी गाडी बाजूला. जागं राहण्यासाठी कुणी काही नशा करत असेल तर तुम्हाला बहुधा ते कळलेलंही असतं. आरडाओरडा करण्याआधी त्याचा मागच्या पंधरवड्याचा तक्ता काढा आणि तुम्हीच त्याला किती रात्री दिल्या होत्या ते मोजा. नशेत गाडी द्यायची नाही हे ठाम, पण त्याला उपचाराला पाठवायचं, हाकलून दुसऱ्याच्या गाडीवर चढू द्यायचं नाही.

शिबिर रद्द करू नका. फक्त ते ट्रिप संपवून आलेल्या दमलेल्या माणसांच्या रांगेचं नको. भरपगारी दिवस ठेवा. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसू द्या, नुकताच माल उतरवून आलेल्याचा रक्तदाब वाढलेलाच दिसणार. साखर, डोळे, कान आणि झोपेचे प्रश्न, एवढं पुरे. खिडकीकडच्या बाजूची त्वचाही बघायला सांगा. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याचा फोटो 2012 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता, खिडकीकडचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी म्हातारा. बाजूच्या साध्या काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतोच. निकाल ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात. कंपनीला कळवायचं ते एवढंच : गाडी चालवण्यास योग्य, अयोग्य, की पुन्हा तपासणी. आणि ज्याला गोळ्या सुरू झाल्या त्याला दोन-तीन महिन्यांच्या एकदम मिळतील असं बघा, नाहीतर पुढच्या ट्रिपला गोळ्या संपतात आणि रक्तदाबाचा उपचार तिथेच थांबतो.

शिबिरात एक गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडी सांगून घ्या. छातीत दाबल्यासारखं, जबडा किंवा हात दुखणं, थंड घाम, दम लागणं, याला अॅसिडिटी समजून ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला, धोक्याचे दिवे चालू, आणीबाणीच्या नंबरला फोन. माल कुजला तरी चालेल, हे वाक्य त्यांना तुमच्याकडून ऐकू द्या.

राहिला काकांचा गप्पपणा. मला घोरण्याइतकीच त्याची काळजी वाटते. अपघात थोडक्यात हुकला तरी माणूस आतून हलतो. रात्री तोच क्षण पुन्हा दिसणं, त्या रस्त्याला जायचं टाळणं, चिडचिड, हे काही आठवडे होऊ शकतं. त्यात एवढ्या वर्षांचा लौकिक आणि सगळ्यांदेखत ‘झापड आली’ म्हणावं लागलं. चौकशी समितीसारखं समोर बसवू नका. गाडी धुवायला लावली असेल तेव्हा शेजारी उभ्या राहा आणि विचारा, ‘काका, त्या दिवसानंतर झोप लागते का?’ एवढंच. मग गप्प राहा, त्यांना वेळ घेऊ द्या. ते ‘आता जगून काय करायचं’ अशा अर्थाचं काही बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नका. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, असं सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते नव्याने शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

एकटेपणा तर या धंद्यात सगळ्यांच्याच वाट्याला येतो. त्यावर तुमच्या हातातला सर्वांत मोठा उपाय म्हणजे घरी जायची तारीख. ‘बघू, या ट्रिपनंतर’ असं नको. तारीख, आणि ती मोडायची नाही. लेकीचं शाळेतलं काही असेल, बायकोचं ऑपरेशन असेल, ते तुमच्या तक्त्यात आधी लिहून घ्या, मग भाडी लावा. एखाद्या पार्टीला यासाठी नाही म्हणावं लागेल. म्हणा.

मालकांकडे जाताना मात्र तब्येत हा शब्द घेऊन जाऊ नका, तीन कागद घेऊन जा : महिन्याचे खोळंब्याचे तास पार्टीवार, रात्री दोन ते सहामध्ये धावलेल्या गाड्या ड्रायव्हरवार, आणि दुभाजकाला घासलेल्या गाडीचं दुरुस्तीचं बिल. बोलणं आपोआप सुरू होईल. रात्रपाळीला तुम्ही स्वतःही बसत असाल तर झोपेबद्दल वर जे लिहिलं ते तुम्हालाही लागू आहे, गाडी तुमच्या हातात नसली तरी वीस गाड्यांचे निर्णय असतात.

या आठवड्यात क्रम असा लावा. आज रात्रीपासून फोन बंद. उद्या काकांच्या रात्रीच्या ट्रिपा दुसऱ्यांना वाटून द्या, आणि ‘शिक्षा म्हणून नाही, तपासणी होईपर्यंत’ हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, इतर कुणाच्या तोंडून कळायला नको. मग हमीचा कागद, मग डॉक्टरची वेळ. सीपॅप सुरू करावं लागलं तर ते गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालेल का, इन्व्हर्टर कुठला लागेल, हे यंत्र घेण्याआधी तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारून ठेवा. घरी वापरायचं आणि केबिनमध्ये नाही, असं झालं तर ज्या रात्रींसाठी ते घेतलं त्याच रात्री ते कपाटात राहील.